भाची नसती तर?

दादा,

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी मांडववाला खांब उपटून घेऊन गेला, भाड्याची मोठी गंजं-पातेली घासूनपुसून परत गेली, आणि तुझा विलास पहिल्या बसनं देवळीला निघाला, कारण वांग्याला पाणी द्यायचं होतं. तुझाच मुलगा तो. बाप गेला तरी पाण्याची पाळी चुकवायची नाही. घरात आता मी आणि माझी सुमन, आतल्या खोलीत चेतन, आणि बाहेर फाटकापाशी तुझी ती लाल प्लॅस्टिकची खुर्ची. सुमन म्हणाली, आत आणून ठेवते. मी म्हटलं, राहू दे, तिला काय ऊन लागतं? बोललो आणि माझं मलाच हसू आलं. मग ते हसू काही टिकलं नाही.

लोक येऊन तुझं चांगलं बोलून गेले. साधा माणूस, देवमाणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, अध्यात ना मध्यात? अरे, हा माणूस सगळ्यांच्या मध्येच बसायचा, तेही खुर्ची टाकून. पण मेलेल्या माणसाबद्दल लोक जे बोलतात ते दुरुस्त करायचं नसतं म्हणे. मला मात्र तुझ्याशी बोलायचं आहे, आणि खरं सांगायचं तर भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट सोडून तू गेलास. धाकट्या भावाशी असं वागतात का?

तू पिपरी मेघेत आलास तो नातवावर लक्ष ठेवायला. चेतनला वर्ध्याच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती, आणि विलास म्हणाला, "बाबा, तुमचे गुडघे आता वावरात चालत नाई. काकाकडं राहा, पोराकडंही पाहा." तू आलास तेव्हा तुझ्या पिशवीत दोन धोतरं होती आणि बाकी सगळं बियाणं. वालाचं, दोडक्याचं, कोथिंबिरीचं, म्हणजे तुझ्या सांभाराचं. मी म्हटलं, दादा, ही अपार्टमेंट आहे, इथं जमीन नाही. तू कंपाउंडच्या भिंतीकडेची हातभर मातीची पट्टी दाखवून म्हणालास, "हे काय हाये मंग? सिमेंट हाये काय?"

तुला करमेना. गावात सकाळी निघालास की दहा ठिकाणी थांबावं लागायचं, इथं जिन्यात भेटलेला माणूसही मोबाइलकडे बघत उतरतो. तू मला विचारायचास, हा कोणाचा, तो कोणत्या गावचा, ती बाई कोणाच्या घरची. मला निम्म्यांची नावंही ठाऊक नव्हती. तुला त्याचा फार राग यायचा. "शेजारी राह्यते आन् कोनाचा कोन थे माहीत नाई. कसे राह्यता बाप्पा तुमी लोकं?" मग तू फाटकापाशी खुर्ची टाकलीस. महिन्याभरात कोणाची मुलगी बाळंतपणाला आली, कोणाच्या म्हातारीला साखर निघाली, सगळं तुझ्या पोतडीत.

आणि त्याच खुर्चीवरून तू मेमचाला पाहिलंस.

आपल्याच बिल्डिंगच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारी, मणिपूरची, दवाखान्यात नर्स. तिला सगळे "ती नर्स" म्हणायचे. पोरं काय म्हणायची ते तुला सांगायची गरज नाही, तू रोज ऐकलंस. चौकातल्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या ओट्यावर ती टोळी बसायची. चांगल्या घरची पोरं, बापांनी घेऊन दिलेल्या गाड्या, सायलेन्सर काढून फटफट वाजवत फिरायची. कोणाच्या घंट्या वाजवून पळ, कोणाच्या अंगणातला बल्ब फोड, हे चालू असायचंच. पण मेमचा ड्यूटीवरून येताना दिसली की त्यांना निराळाच चेव यायचा. बोटांनी डोळ्यांचे कोपरे ओढून दाखवायचे. मोमो म्हणायचे, कोरोना म्हणायचे, चिंगचांग काहीतरी ओरडायचे, "वापस जा" म्हणायचे. एकदा तिच्या दाराला अंडी फेकून मारली. ती मान खाली घालून यायची, कुलूप उघडायची, आत जायची आणि अंडी पुसायला बादली घेऊन पुन्हा बाहेर यायची.

तू मला विचारलंस, "वापस जा म्हनते पोट्टे. कुठं जाईन थे?" मला ठाऊक नव्हतं. तू तिलाच विचारलंस, तुझ्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत, आणि तिनं सांगितलं की गावी घर उरलेलंच नाही. दंग्यात जळालं. आई मामाच्या घरी आहे आणि ही पगारातून पैसे पाठवते. त्या रात्री तू नीट जेवला नाहीस. सुमनला वाटलं, भाजी खारट झाली.

मग तिच्या खिडकीखालच्या भिंतीवर काळ्या रंगानं लिहिलेलं सापडलं. जे तोंडानं बोलायचे तेच, मोठ्या अक्षरांत. मी सोसायटीचा सेक्रेटरी. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस दुसरं काय करणार? मी अर्ज लिहिला. पोलीस चौकीला एक, सोसायटीच्या लोकांना एक. चौकीतून उत्तर आलं की पोरं आपलीच आहेत, समजावून सांगा. सोसायटीची लोकं म्हणाली, पेंटिंगचं दिवाळीनंतर बघू. तू ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी त्या भिंतीच्या बुडाशी वालाचं बी मातीत टोबलंस.

मला तुझा इतका राग आला होता! मी म्हटलं, "दादा, झाकल्यानं काय होते? लिहिलेलं तं खालीच राह्यते न."

"राह्यते," तू म्हणालास. "पन सकाळी उठल्यावर तिले शेंगा दिसन. तुहा अर्ज दिसते काय तिले?"

यावर मी आत जाऊन सुमनवर ओरडलो. वेल मात्र चढला. सुतळ्या बांधून तू त्याला एकेका अक्षरावरून नेलंस, जसं गावी कुंपणावर न्यायचास. नवरात्रात जांभळी फुलं आली. मेमचा खिडकीतून बघायची. एकदा तिनं खिडकीतूनच हात काढून एक शेंग तोडली, कच्चीच खाल्ली आणि तुझ्याकडे बघून हसली. तू घरात येऊन मला सांगितलंस, "हासली रे." जणू काही तुला लॉटरी लागली होती.

आता त्या संध्याकाळचं बोलू. बोलावंच लागेल.

दिवाळी नुकतीच झाली होती. तू खुर्चीवर, मी तुझ्यामागे उभा राहून फाटकाचा कडीकोयंडा दुरुस्त करत होतो. मेमचा आली. तीन गाड्या तिच्याभोवती गोल फिरायला लागल्या. धूर, हॉर्न, "ए मोमो, प्लेट कितने की?" ती मध्ये उभी. तिच्या हातात डबा होता, तो तिनं छातीशी धरला होता. आणि मागच्या गाडीवरून एक हसणं आलं. घोडा खिंकाळावा तसं, शेवटी नाकातून जाणारं. असं हसणं आपल्या घराण्यात तिघांचंच. आपल्या बापाचं, तुझं आणि चेतनचं.

तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. तेवढ्यानंच तुला कळलं की मलाही कळलं.

तू काठी न घेता उठलास. मला वाटलं, आता चेतनच्या कानाखाली वाजते. मला तेच हवं होतं. तू त्या गाड्यांच्या मधून चालत गेलास, आणि दादा, तू गुडघे टेकलेस. जे गुडघे संडासात बसताना तुला रडवायचे ते डांबरावर टेकलेस आणि मेमचाच्या पांढऱ्या बुटांवर डोकं ठेवलंस.

गाड्या बंद झाल्या. मेमचा मागे सरकली, "बाबा, ये क्या कर रहे हो, उठो ना," म्हणत तुझे खांदे ओढायला लागली. तू उठलास तेव्हा कपाळाला माती होती. तू पोरांकडे वळलास.

"हे माही भाची हाये," तू म्हणालास. "आता बोला. काय बोलाचं थे बोला."

आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, हे त्या पोरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचे मामा त्यांच्या बहिणींच्या पाया पडतात. भाची म्हणजे देवघरातली. एकेकाचं तोंड असं उतरलं की काय सांगू. मग तू चेतनसमोर गेलास. "तुही आत्या लागते हे. हास आता."

चेतन हसला नाही. गाडीवरून उतरून चालायला लागला आणि त्या दिवशी उशिरा घरी आला. मी मनात म्हटलं, जिंकला माझा भाऊ. माझे सगळे अर्ज एका बाजूला आणि याचं एक डोकं एका बाजूला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

मग दिवेलागणीला मेमचा आपल्या दाराशी आली. कपडे बदलून, केस बांधून, काही ठरवून आलेली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मैं आपकी भांजी नहीं हूँ. मैं इधर किसी की कुछ नहीं हूँ. काम करती हूँ, भाड़ा देती हूँ, बस. भांजी नहीं होती तो गाली चलती क्या?"

ती जायला वळली. मग म्हणाली, "और आप मेरे पैर पर गिरे, सब लोग देख रहे थे. मुझे रात भर नींद नहीं आएगी." आणि गेली. तू सुमनला पाणी मागितलंस आणि पेला हातात धरून तसाच बसलास.

मीही माणूस विचित्र. संध्याकाळी तुझ्याबाजूनं होतो, आता तिच्याबाजूनं झालो. "थे बरोबर बोलली, दादा," मी म्हटलं.

"तुले तं दुसऱ्याचंच बरोबर वाटते."

"अरे, पन नातं लावल्याशिवाय मानसाले मानूस म्हनाचंच नाई काय?"

तू पेला खाली ठेवलास. "गावात पोट्टे सगळ्या बोरींवर दगडं मारते. पन पाटलाच्या बोरीवर मारत नाई, आपल्या बोरीवर मारत नाई. काऊन? थे कोनाची तरी हाये म्हनून."

"आन् जे बोर कोनाचीच नाई, तिचं काय?"

"तशी बोर नसते," तू म्हणालास. "कोनाची तरी असतेच. मानसं इचारत नाई फक्त."

हेच आपलं भांडण. त्या दिवसापासून आपण ते रोज थोडं थोडं भांडलो. चहा घेताना, दाढी करताना, आंघोळीला पाणी काढताना. मी म्हणायचो, कायदा. तू म्हणायचास, नातं. मी म्हणायचो, शहरात कोण कोणाचा नातेवाईक? तू म्हणायचास, मग शहर कशाले बांधलं? सुमन म्हणायची, दोघंही बाहेर जाऊन भांडा, मला सीरियल ऐकू येत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्या भांडणात कधी काढली नाही. आपल्याला बहीण नव्हती. आपल्या दोघांच्या मधली एक झाली आणि सटवीची पूजा व्हायच्या आधीच गेली. आई राखीपौर्णिमेला आपल्या दोघांना एकमेकांच्या हाताला राखी बांधायला लावायची आणि मग चुलीकडे तोंड करून बसायची. गावात कोणाच्या लग्नात "मामाले बोलवा, मामाले बोलवा" अशी हाक उठली की तू मांडवातून उठून बाहेर जायचास. लोकांना वाटायचं, विडी ओढायला गेला. मी एकदा तुझ्यामागून आलो होतो. तू बैलगाडीच्या चाकाला टेकून उभा होतास, विडी पेटवलेली नव्हती. त्या संध्याकाळी तू डांबरावर वाकलास तेव्हा पोरांना थांबवायचं होतं हे खरं, पण ते तेवढंच नव्हतं. सत्तरी ओलांडल्यावर तुला कोणाला तरी भाची म्हणायला मिळालं होतं. मेमचाला हे ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नाहीस, आणि तू सांगत नाहीस ते मी कसं सांगणार?

ती आली परत, तेही शेंगांमुळे. वालाच्या शेंगा जून व्हायला लागल्या आणि तिला ते बघवेना. तीही शेतातलीच पोरगी. टोपलीभर तोडल्या, निम्म्या आपल्या दारात ठेवल्या आणि निम्म्यांची तिच्या पद्धतीनं भाजी करून वाटी आणली, त्यात कुटलेली आंबवलेली मासोळी. सुमननं वासानंच खिडक्या उघडल्या. तू चाटूनपुसून खाल्लीस. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "नाकात बसलं," तू म्हणालास, "पन पोटात बरं वाटून राह्यलं." मेमचा पोट धरून हसली. मग तिनं अट घातली. "बाबा, पैर पड़ना बंद. तो रोज आऊँगी." तू कान धरलेस. त्यानंतर तिची सुट्टी असली की फाटकापाशी दोन खुर्च्या असायच्या. ती तुला तिच्याकडची गाणी ऐकवायची आणि तू तिला सांभार कधी पेरायचा ते सांगायचास. मी वरून गॅलरीतून बघायचो. दादा, त्या दोन खुर्च्या बघताना जी निवांत संध्याकाळ असायची, ती मी जन्मभर पुरवून वापरली असती. मला काय माहीत ती एवढीशीच होती!

चेतन मात्र तुझ्याशी बोलेना. "आबाजीनं माही इज्जत काढली साऱ्याइसमोर," हे तो सुमनला म्हणाला आणि तू ऐकलंस. ताट घेऊन खोलीत जायचा. तू त्याच्या दाराशी जायचास, चप्पल वाजवायचास, दार उघडायचं नाही. तू परत येऊन म्हणायचास, "अभ्यास करून राह्यला." आपल्या दोघांनाही ठाऊक होतं तो काय अभ्यास करतो ते.

पोरांनी मेमचाचं नाव सोडलं, हे खरं. पण तोंडाची खाज कुठं जाते? थंडीत मागच्या लेआउटच्या वस्तीत एक विद्यार्थी राहायला आला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातला, उंच, सायकलवर जाणारा. महिन्याच्या आत टोळीला नवं काम मिळालं. "ओ काल्या!" मग माकडाचे आवाज, मग सायकलच्या चाकात काठी. एकदा तो पडलेला तू पाहिलास. मी तुला म्हटलं, आणि फार कडवट म्हटलं, "पाह्य तुहा उपाय. भाचीले सोडलं, दुसऱ्याले धरलं. आता याच्याही पाया पडशील? किती जनाच्या पडशील?"

तू कंबरेवर हात ठेवलास. मग म्हणालास, "पडीन. कंबर हाये तवरक पडीन."

मी "पुरे झालं" असं काहीतरी बोलून आत निघून गेलो. आपलं त्या विषयावरचं शेवटचं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलाला पाणी घालता घालता तू खाली बसलास. मेमचा रात्रपाळी करून फाटकातून आत येत होती. तिनं पर्स फेकली आणि तुझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागली. मोठ्यानं आकडे मोजत होती, तिच्या भाषेत. मी शेजारी बसून तुझा हात धरला होता. ते आकडे थांबले, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच ती तुझ्या अंगावरची ओली माती पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसत होती.

दवाखान्यात काम करणारी, मरणाची सवय असलेली, म्हणून ती रडली नाही असं लिहिणार होतो, पण खोटं होईल. फार रडली, दादा. आपल्या घरातल्या कोणापेक्षाही जास्त.

तेरवीच्या आदल्या दिवशी विलास म्हणाला, "काका, बाबा मले दिवाळीनंतरच सांगून गेलते. माह्या तेरवीले पह्यलं ताट भाचीचं, आन् पाय धुतल्याशिवाय वाढू नका." बघ, म्हणजे तुला सगळी सोय करूनच जायचं होतं. मी मेमचाकडे गेलो. पाय धुण्याचं सांगताच तिनं मान हलवली. मग मी तिला सांगितलं. बहिणीचं, राखीचं, मांडवातून उठून जाण्याचं, न पेटवलेल्या विडीचं. तुझं गुपित मी फोडलं, राग आला असेल तर ये भांडायला. तिनं खिडकीतून हात काढून वेलाची एक सुटलेली सुतळी बांधली. "ये पहले क्यों नहीं बोले?" ती म्हणाली. "मुझे लगा दया कर रहे हैं."

काल ती आली. तिच्याकडचं आडव्या पट्ट्यांचं कमरेपासूनचं वस्त्र आणि वर पांढरी ओढणी. पाटावर बसली. विलास तांब्या घेऊन पुढे होणार, तेवढ्यात चेतननं त्याच्या हातातून तांब्या घेतला. परात तिच्यासमोर ठेवली आणि खाली मान घालून वाकला.

"रुक," मेमचा म्हणाली. "पैर बाद में. पहले इधर देख. मेरी आँख में."

ज्या डोळ्यांची त्यांनी इतके महिने टर उडवली, त्या डोळ्यांकडे चेतननं कधी पाहिलंच नव्हतं रे. त्यानं मान वर करायला किती वेळ घेतला! मग पाहिलं. तांब्यातलं पाणी त्याच्याच पायावर सांडायला लागलं. मेमचानं त्याला सोडवलं नाही. तो पुरता रडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. मग पाय उचलून परातीत ठेवले.

"अब धो," ती म्हणाली.

मला वाटलं, इथंच संपलं. आता तुला लिहायचं ते एवढंच, की दादा, तुझी भाची जेवली, पोटभर जेवली, कढी दोनदा घेतली. पण आज संध्याकाळी मी वेलाला पाणी घातलं आणि सहज तुझ्या खुर्चीवर बसलो. पहिल्यांदाच बसलो. तिथून चौक असा सरळ समोर दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही.

ओट्यावर टोळी होती. चेतनही होता, जरा बाजूला, गाडीला टेकून. मला बरं वाटलं नाही, पण मित्र एका दिवसात कोण सोडतो? तेवढ्यात तो सायकलवाला विद्यार्थी आला. "ओ काल्या!" सुरू झालं, मग ते माकडाचे आवाज. एकानं खडा मारला, तो त्याच्या पाठीला लागला. त्यानं सायकल थांबवली आणि तसाच उभा राहिला, हँडल घट्ट धरून. मेमचानं डबा धरला होता तसं.

मी उठलो. तू असतास तर काय केलं असतंस ते मला ठाऊक होतं. मी चालत गेलो आणि खरं सांगतो, अर्धा वाकलोही. आणि मग मला तिचं ते दारातलं बोलणं आठवलं, आणि तुझी बोर आठवली, आणि मी वाकायचा थांबलो. त्या पोराचं नाव मला ठाऊक नाही. गाव, देश, जात, धर्म, काही ठाऊक नाही. मी त्याच्या शेजारी सरळ उभा राहिलो. आवाज निघाला, आणि दादा, तो अगदी तुझ्यासारखा निघाला. चेतननं दचकून पाहिलं.

"हा माहा कोनी नाई," मी म्हटलं. "आता बोला."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. भाची असती तर काय करायचं ते त्यांना माहीत होतं. याला काय करायचं ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एक जण हसायला गेला, पण त्याला सोबत मिळाली नाही. मग चेतन गाडीपासून निघाला, रस्ता ओलांडून आला आणि खाली पडलेला तो खडा उचलून माझ्या बाजूला उभा राहिला. खडा नुसता मुठीत धरून होता.

मी परत येऊन खुर्चीवर बसलो तेव्हा अंधार पडला होता. तुला सांगायला म्हणून मी बाजूला वळलो. सवयच आहे. "पाह्यलं काय रे, दादा?" असं अर्धं तोंडातून निघालंही. आपलं भांडण कोण जिंकलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि तूच नाहीस तर जिंकून तरी करू काय? ये ना. एकदाच ये, खुर्ची ओढ, आणि मला म्हण की मी चुकलो.